इंच मिलिमीटरवरच उभा आहे: एककांच्या भांडणाबद्दल एका कॅलिब्रेशनवाल्याचं उत्तर

तुमचे प्रश्न दोन आहेत. पहिला: मेट्रिक पद्धत शास्त्रीय आणि फूट-पौंड अशास्त्रीय हे उघड असताना, जिथे फूट-पौंड चालतात तिथली सरकारं कायदा करून ते बंद का करत नाहीत? दुसरा: ऊर्जेवरच्या वादात दोन्ही बाजू अधिकृत तक्त्यांतले आकडे देतात, तरी ते एकमेकांशी जुळत नाहीत, मग खोटं कोण बोलतं?

माझी तीस वर्षं कॅलिब्रेशनमध्ये गेली. लोकांचे प्रेशर गेज, टॉर्क रेंच, मायक्रोमीटर, वजनं घ्यायची, आपल्याकडच्या जास्त भरवशाच्या साधनाशी ताडायची आणि चूक किती ते कागदावर लिहून द्यायचं, हा धंदा. त्या अनुभवावरून सांगतो, दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. एकक हा माणसांनी आपसात केलेला करार असतो. करार न वाचता त्याखालच्या आकड्यावर भांडलं, की दोघंही खरं बोलत असूनही भांडण मिटत नाही.

आधी 'मेट्रिक विरुद्ध इंपीरियल', म्हणजे मीटर-किलो विरुद्ध फूट-पौंड, हे घेऊ. ही लढत केव्हाच संपली आहे, फक्त निकाल फारसा कुणी वाचला नाही. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. सुमारे नव्हे, नेमके. १ पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलोग्रॅम, तोही नेमका. १९५९ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी यार्ड आणि पौंडाची व्याख्याच मीटर आणि किलोग्रॅमच्या पदरात टाकली. अमेरिकेने तर १८९३ मध्येच एका सरकारी आदेशाने यार्ड आणि पौंड मेट्रिक प्रमाणांना बांधले होते. १८७५ च्या पॅरिसमधल्या मीटर करारावर सही करणाऱ्या सतरा देशांतही ती होती. म्हणजे अमेरिकेतला सुतार ज्या फुटपट्टीने माप घेतो, तिची मुळं सव्वाशेहून जास्त वर्षं मीटरमध्येच आहेत. वर टोपी तेवढी वेगळी.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग १९५९ च्याही आधीचा आहे. १८९३ च्या आदेशाप्रमाणे १ मीटर म्हणजे ३९.३७ इंच, त्यामुळे अमेरिकी इंच भरायचा २५.४०००५१ मिलिमीटर. ब्रिटिश इंच २५.४ पेक्षा किंचित कमी भरायचा. कार्ल एडवर्ड योहान्सन नावाचा एक स्वीडिश माणूस तेव्हा गेज ब्लॉक बनवायचा. हे पोलादाचे आरशासारखे घासलेले ठोकळे असतात आणि कारखान्यांत लांबीचा शेवटचा शब्द त्यांचाच असतो. त्याने विचार केला, दोन देशांसाठी दोन इंच कशाला? सरळ २५.४ धरू, दोन्हीकडचा फरक दहा लाखांत दोनच भागांचा आहे. त्याचे ठोकळे जगभर गेले. १९३० मध्ये ब्रिटनच्या आणि १९३३ मध्ये अमेरिकेच्या उद्योगांनी तेच माप मानक म्हणून घेतलं. सरकारांना तिथे पोचायला आणखी पंचवीस-तीस वर्षं लागली. कायदा आधी आणि वापर नंतर, असा क्रम आपण गृहीत धरतो. इथे तो बरोबर उलटा होता.

त्या ठोकळ्यांबद्दल आणखी एक गोष्ट, कारण नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच करून दाखवतो. १०० मिलिमीटरचा पोलादी ठोकळा उघड्या हाताने मिनिटभर धरायला सांगतो. पोलाद अंशाला दहा लाखांत साडेअकरा भाग वाढतं, म्हणजे १०० मिलिमीटरचा ठोकळा एका अंशाने तापला तर १.१५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब होतो. हाताच्या उबेने पाच अंश चढले, की झाली पावणेसहा मायक्रॉनांची वाढ. त्या ठोकळ्याची मंजूर चूक अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. म्हणून लांबीचं माप नेहमी २० अंश सेल्सिअसला सांगायचं, असं १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. इंच की मिलिमीटर यावर तावातावाने बोलणाऱ्या माणसाच्या तळहाताची ऊब त्या दोन देशांच्या जुन्या इंचांमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठी चूक करून बसते. कपाटातून ठोकळे काढताना आम्ही हातमोजे घालतो किंवा लाकडी चिमटा वापरतो, ते एवढ्यासाठीच.

'मेट्रिक शास्त्रीय आहे' या वाक्यातही एक गफलत आहे. मीटर निसर्गातून घ्यायचा ठरला हे खरं: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. देलांब्र आणि मेशँ हे दोघं फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १७९२ पासून सहा-सात वर्षं डंकर्क ते बार्सिलोना मोजत फिरले. मोजमाप अप्रतिम, तरी मीटर सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड निघाला. मग पृथ्वी पुन्हा मोजून मीटर दुरुस्त केला का? अजिबात नाही. प्लॅटिनमची जी पट्टी झाली तीच मीटर राहिली, आणि पृथ्वीचा घेर चार कोटी मीटरांहून थोडा जास्त मानायचा असं ठरलं. किलोग्रॅमचंही तेच. १८८९ पासून पॅरिसजवळच्या सेव्र गावात प्लॅटिनम-इरिडियमचा ३९ मिलिमीटर उंचीचा एक नळकांडीवजा तुकडा म्हणजेच किलोग्रॅम होता. शंभर वर्षांत त्याच्यात आणि त्याच्या सख्ख्या भावंडांत, म्हणजे अधिकृत प्रतींत, साधारण ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. पण व्याख्येने तो नेहमीच १ किलोग्रॅम! बदललं ते बाकीचं विश्व, असंच म्हणावं लागायचं. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर, बसवला आहे, त्यामुळे ही विनोदी अवस्था संपली. तरी 'यापुढे या स्थिरांकाची किंमत अमुकच मानू' हा निर्णय मतदानानेच झाला.

आता कायदा. कायदा करार लादू शकतो, निसर्ग बदलू शकत नाही. याचं बोलकं उदाहरण १८९७ मधलं, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं. एका डॉक्टरने वर्तुळाचं चौरसात रूपांतर केल्याचा दावा केला आणि त्यावर राज्याच्या विधिमंडळात विधेयक आलं. त्यातल्या गणितातून 'पाय'ची (वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, खरी किंमत ३.१४१५९...) किंमत ३.२ निघत होती. खालच्या सभागृहाने ते ६७ विरुद्ध ० मतांनी मंजूर केलं. योगायोगाने वाल्डो नावाचे गणिताचे प्राध्यापक दुसऱ्याच कामासाठी तिथे आले होते. त्यांनी वरच्या सभागृहाच्या सदस्यांना समजावलं आणि विधेयक बेमुदत लांबणीवर पडलं. विधिमंडळाने इंच २५ मिलिमीटरचा केला असता, तर गैरसोय झाली असती पण चाललं असतं. पाय ३.२ केला असता, तरी एकही चाक त्या हिशोबाने फिरलं नसतं.

आणि करार लादणंही वाटतं तेवढं सोपं नाही. मेट्रिकचं माहेर फ्रान्स. तिथे क्रांतीनंतर १७९३ मध्ये घड्याळही दशमान केलं होतं: दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटं. लोकांनी ते वापरलंच नाही. ७ एप्रिल १७९५ च्या ज्या कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम ही नावं दिली, त्याच कायद्याने दशमान घड्याळाची सक्ती स्थगित केली. पुढे १८१२ मध्ये नेपोलियनने बाजारासाठी जुन्या नावांची मापं परत येऊ दिली. सगळीकडे मेट्रिकची सक्ती झाली ती १ जानेवारी १८४० पासून. जन्मघरातच पंचेचाळीस वर्षं! तेव्हा 'उद्या कायदा करा, परवा मेट्रिक' म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

व्यापारात मात्र कायद्याला पर्याय नाही, हे मी ठामपणे म्हणतो. पौंड चुकीचा आहे म्हणून कायदा येत नाही. घेणारा आणि देणारा एकाच काट्याकडे बघत असावेत, एवढ्यासाठी येतो. ब्रिटनमध्ये पौंड-औंसाच्या काट्यावर केळी विकल्याबद्दल सन्डरलंडच्या एका विक्रेत्यावर खटला झाला आणि २००२ मध्ये वरच्या कोर्टात तो हरला. गंमत अशी, की त्या विक्रेत्याच्या नावाचा थोबर्न विरुद्ध सन्डरलंड सिटी कौन्सिल हा निकाल आज कायद्याचे विद्यार्थी वाचतात तो वजनमापांसाठी नाही. काही कायदे 'घटनात्मक' दर्जाचे असतात आणि ते नंतरच्या कायद्याने नकळत रद्द होत नाहीत, असं न्यायमूर्तींनी त्यात म्हटलं, त्यासाठी. केळी बाजूलाच राहिली.

मग माझ्या धंद्यात चुका होतात कुठे? एककात क्वचित. दोन एककांच्या सांध्यात जवळजवळ नेहमी.

२३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७. इंधनाचा गेज बंद होता, म्हणून टाकीत पट्टी टाकून मोजलं: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला हाताशी आकडा होता १.७७. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७. कमी पडले ८,७०३. भागिले १.७७, म्हणजे आणखी ४,९१७ लिटर भरा. भरले. गुणाकार, वजाबाकी, भागाकार सगळं बरोबर, आणि हिशोब एकाहून अधिक जणांनी तपासलेला. फक्त १.७७ हे एका लिटर इंधनाचं पौंडांतलं वजन होतं. किलोत ते ०.८ च्या आसपास भरतं. खरं तर २०,००० लिटरच्या वर भरायला हवं होतं. विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडालं, मध्येच दोन्ही इंजिनं बंद पडली आणि वैमानिकांनी ते ग्लायडरसारखं तरंगवत गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. कुणी दगावलं नाही. १.७७ हा आकडा चूक नव्हता. 'कशाचे १.७७?' हे कुणी विचारलं नाही.

१९९९ मधलं मंगळावरचं यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, सगळ्यांना माहीत आहे: एका संगणक प्रणालीने इंजिनाच्या रेट्याचे आकडे पौंड-बल-सेकंदांत दिले, दुसरीने ते न्यूटन-सेकंद समजून वाचले, ४.४५ पटींचा घोळ. त्यावर 'बघा, मेट्रिक नसल्याने यान गेलं' असं म्हणतात. मी उलट म्हणेन, दोन्हीकडे पौंड असते तरी यान वाचलं असतं.

मोठ्या चुकांचं एक बरं असतं, त्या लवकर ओरडतात. मला भीती लहान चुकांची वाटते. दाबाची दोन एककं घ्या: बार आणि किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर, ज्याला कारखान्यात नुसतं 'केजी' म्हणतात, 'सात केजी प्रेशर' वगैरे. १ केजी म्हणजे ०.९८०६६५ बार. फरक दोन टक्क्यांचा, म्हणजे नेमका डोळ्याला न दिसण्याइतका. एकदा एका कारखान्यातून सात सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब ठरल्यापेक्षा चढला की आपोआप उघडणाऱ्या झडपा, तपासायला आले. कागदावर लिहिलेलं '१० बार'ला उघडतात. आमच्या टेस्ट बेंचवर पहिला ९.८ ला उघडला. दुसरा ९.८. तिसराही. बरोबरचा मुलगा म्हणाला, "सर, सगळ्या स्प्रिंगा बसल्या." मी म्हटलं, अरे, स्प्रिंग बसते तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्हची वेगळी बसते. एक ९.९ ला उघडेल, एक ९.५ ला, एखादा अडकेल. सातही सारखेच दोन टक्के खाली असतील, तर व्हॉल्व्ह सोड आणि ज्याने ते सेट केले त्याच्या गेजची तबकडी बघ. तबकडी केजीची निघाली. नशीब, चूक सुरक्षित बाजूला होती. उलट झाली असती तर तेवढेच दोन टक्के धोक्याच्या बाजूला गेले असते आणि कित्येक वर्षं कळलं नसतं.

आता ऊर्जा. इथे पहिली अडचण 'किलोवॉट प्रति तास' या शब्दप्रयोगाची. बातम्यांत तो सर्रास येतो आणि मला तो दाताखालच्या खड्यासारखा लागतो. किलोवॉट हाच मुळी वेग आहे, ऊर्जा किती झपाट्याने वापरली जाते त्याचा. त्याला तासांनी गुणायचं, भागायचं नाही. १ किलोवॉट तासभर चालला की १ किलोवॉट-तास, म्हणजेच वीजबिलावरचं १ युनिट, म्हणजेच ३६ लाख जूल. (किलोवॉट प्रति तास ही राशी खरंच अस्तित्वात आहे. वीजकेंद्राचं उत्पादन किती भराभर वाढवता येतं, ते त्यात सांगतात. पण बातमी लिहिणाऱ्याला ते अभिप्रेत नसतं.) हा ३६ कुठून आला? तासाच्या ३,६०० सेकंदांतून. १७९५ मध्ये दशमान घड्याळ हरलं, त्याची किंमत आपण दर बिलावर मोजतोय.

या गोंधळातून निघालेला नेहमीचा वाद: '१,००० मेगावॉटचा सौर प्रकल्प म्हणजे १,००० मेगावॉटचा अणुप्रकल्पच की!' क्षमता सारखी, पण वर्षाचे तास ८,७६०. अणुप्रकल्प ९० टक्के क्षमतेने चालला तर वर्षाला सुमारे ७८८ कोटी युनिटं, सौर २० टक्क्यांनी चालला तर सुमारे १७५ कोटी. याउलट 'म्हणजे सौर फसवा' म्हणणाराही चुकतो, कारण १,००० मेगावॉट उभारायचा खर्च दोन्हीकडे सारखा नसतो. तुलना युनिटाच्या खर्चावर करा, नाहीतर करू नका. बॅटरीचंही तसंच. '१०० मेगावॉटची बॅटरी' हे अर्धं वाक्य आहे, किती तास ते सांगितल्याशिवाय त्यावर मत देता येत नाही.

पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे प्राथमिक ऊर्जेच्या, म्हणजे वीज व्हायच्या आधी मूळ स्रोतातून मिळालेल्या ऊर्जेच्या, तक्त्यात. कोळसा जाळला तर किती उष्णता निघाली ते मोजता येतं. वारा आणि पाणी यांत जाळायचं काहीच नसतं, मग त्यांची 'प्राथमिक ऊर्जा' किती धरायची? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेची पद्धत अशी: पाणी, वारा, सौर पॅनेल यांची जेवढी वीज तेवढीच प्राथमिक ऊर्जा. अणुविजेत मात्र अणुभट्टीतली उष्णता मोजायची आणि कार्यक्षमता ३३ टक्के धरायची. म्हणजे १०० युनिटं जलविजेची तक्त्यात १००, आणि तेवढीच अणुवीज तक्त्यात ३०३! जगात जलवीज अणुविजेपेक्षा बरीच जास्त तयार होते, तरी या तक्त्यात अणुऊर्जेचा वाटा मोठा दिसतो. दुसरी पद्धतही आहे: हीच वीज कोळसा-गॅस जाळून काढली असती तर किती इंधन लागलं असतं, तेवढं वारा-पाण्याच्या खात्यावर जमा करायचं. लगेच त्यांचा वाटा अडीच पटींच्या आसपास फुगतो. दोन्ही पद्धती प्रतिष्ठित, दोन्ही छापील, आणि तळटीप वाचली तर दोन्ही प्रामाणिक. पहिल्या तक्त्याने 'अपारंपरिक ऊर्जा म्हणजे किरकोळ' सिद्ध होतं, दुसऱ्याने 'बघा किती वाढली' सिद्ध होतं. तळटीप वाचणारा माणूस या वादात मी फार कमी पाहिला.

'१०५ टक्के कार्यक्षम बॉयलर' हा असाच प्रकार. ऐकणारा ऊर्जा-अक्षय्यतेचा नियम काढतो, विकणारा प्रमाणपत्र काढतो. मिथेन जळताना पाण्याची वाफ होते. ती वाफ थंड करून तिची उष्णता धरली तर किलोमागे सुमारे ५५.५ मेगाजूल, सोडून दिली तर ५०. बॉयलर वाफ थंड करून ९५ टक्के उष्णता मिळवतो, पण भागाकार ५० ने केला की उत्तर येतं १०५. नियमाला धक्का लागलेला नाही, छेदात कमी आकडा घेतलाय इतकंच. यात फसवणूक आहे का? छेद कोणता ते सांगितलं असेल तर नाही.

तापमानाबद्दल थोडक्यात. पृथ्वी २ अंश सेल्सिअसने तापली तर फॅरनहाइटमध्ये किती? रूपांतराचं सूत्र लावून ३५.६ असं उत्तर देणारे लोक मी पाहिलेत. ३५.६ हे २ अंशांच्या थंडीचं रूपांतर आहे. २ अंशांची वाढ म्हणजे ३.६ अंश फॅरनहाइट, ३२ मिळवायचे नसतात. तसंच शरीराचं ९८.६: मूळ आकडा होता ३७, म्हणजे जवळचा पूर्ण अंश. रूपांतर करताना दशांश आपोआप चिकटला आणि लोकांना वाटू लागलं की ९८.४ म्हणजे काहीतरी बिघडलंय.

माझं विचाराल तर मी स्वतः मेट्रिकच्या बाजूचा आहे. दहाने गुणणं सोपं जातं हे कारण माझ्या लेखी दुय्यम आहे, गणकयंत्र असताना त्याचं फारसं अप्रूप नाही. खरं कारण जूल. मोटरने केलेलं काम, हीटरची उष्णता, बॅटरीतली वीज, तिन्ही एकाच एककात येतात, मध्ये गुणक नाही. दुसरीकडे बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक), अश्वशक्ती, फूट-पौंड, आणि एसीचा 'टन', जो मुळात एक अमेरिकी टन बर्फ २४ तासांत वितळायला लागणाऱ्या उष्णतेचा दर आहे, ३.५१७ किलोवॉट. अश्वशक्तीही दोन: ७४५.७ वॉटची आणि ७३५.५ वॉटची. पुन्हा तसाच न दिसणारा फरक, दीडएक टक्क्याचा. जितके सांधे कमी, तितके माझ्या टेबलावर येणारे व्हॉल्व्ह कमी.

पण म्हणून जगातले पाइपचे आटे बदलायला मी सांगणार नाही. मेट्रिक देशांतही नळाचे आटे 'अर्धा इंची' म्हणूनच ओळखले जातात, आणि त्या अर्धा इंची आट्याचा बाहेरचा व्यास असतो २०.९५५ मिलिमीटर, अर्धा इंच त्यात कुठेही सापडत नाही. नाव तेवढं उरलंय. ते मानकात नीट लिहिलेलं असल्यामुळे एका देशातला नळ दुसऱ्या देशातल्या पाइपावर बसतो. आणि गाडीच्या टायरवर २०५/५५ आर १६ असं काही लिहिलेलं असतं, ते एकदा निवांत वाचा. २०५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. १६ हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत तीन भाषा, आणि टायर रिमवर बरोबर बसतो.